भिवराची वाचणारी

माझी बायको पुस्तकाशी भांडायची. दुसऱ्यांच्या बायका शेजारणीशी भांडतात, भाजीवाल्याशी भांडतात. ही छापलेल्या ओळीवर बोट आपटायची आणि म्हणायची, "हे खोटं आहे." मग पेन्सिल शोधायची, आणि पेन्सिल सापडेपर्यंत घरात कुणाला चहा मिळायचा नाही. मी चौथी शिकलेला माणूस. छापलं म्हणजे खरं, असं धरून चालणारा. ती सातवी शिकली होती. मधल्या तीन इयत्तांत काय शिकवतात ते मला माहीत नाही, पण छापील अक्षराला न घाबरणं तिथंच कुठंतरी शिकवत असतील.

तिचं नाव सुमन. सुरतेकडच्या कोसाडला, आमच्या वसाहतीत मात्र सगळे तिला वाचणारी म्हणायचे. किराणावाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा. मी वाचणारीचा नवरा. तीस वर्षं पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये वाफेत उभा राहिलो, हातांचा रंग गेला नाही, नाक कायमचं मेलं, आणि शेवटी ओळख काय, तर वाचणारीचा नवरा. मला त्याचा राग यायचा. आता कोणी तसं म्हणत नाही, तर त्याचाही येतो.

ती वाचणारी कशी झाली ते सांगतो. मशीनवरून भरतकामाची साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला दोऱ्यांचं रान असतं. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा तसाच ओढत नेलेला. तो कापायला मशीन नाही, बायका आहेत. टेम्पोवाला साड्यांचा मोठा पोटला, म्हणजे गाठोडं, आमच्या बिल्डिंगच्या खाली टाकून जातो आणि जेवणं झाली की बायका दादराखाली, जिन्याच्या सावलीत, छोट्या कातरी घेऊन बसतात. दहा-बारा जणी. खान्देशातल्या जास्त, एक जालन्याकडची लता, आणि तळमजल्याची सविताबेन गुजराती. हात चालू, डोळे साडीत, तोंडं मोकळी. मोकळ्या तोंडांनी भांडणं होतात. एका श्रावणात सुमननं पोथी वाचायला घेतली तर महिनाभर कोणाचं कोणाशी वाजलं नाही. पोथी संपली तेव्हा कमलबाई म्हणाली, "वाचणारी, तू वाचत ऱ्हाय. तुझ्या साड्या आम्ही वाटून कापतो." कमलबाई म्हणजे त्या बायकांची मुकादमच. तिनं म्हटलं की झालं. त्या दिवसापासून सुमनच्या हातातली कातर सुटली.

पोथीनंतर काय वाचायचं? रद्दीवाल्याच्या गाडीवर तिला एक जाडजूड कादंबरी मिळाली. पाठीवर 'भाग पहिला' लिहिलेलं, कव्हर अर्धं फाटलेलं. जुन्या काळातलं मराठ्यांचं लष्कर उत्तरेकडं निघालंय आणि त्याच्यामागून चालणाऱ्या बायकांची गोष्ट. त्यातली भिवरा नावाची एक, तंबू शिवणाऱ्याची बायको. राजे, सरदार लांब कुठंतरी धुळीत. इथं चूल, बैल, पोरं, फाटके तंबू. मी म्हटलं, "रद्दी उचलून आणलीस." ती म्हणाली, "तुम्हाला मी कुठून उचलून आणलं ते विचारू नका, ओ संज्याना बाप." संजू आमचा मुलगा. आता बायकापोरं घेऊन चलथाणला राहतो, सणाला येतो.

पहिल्या भागानं बायका येड्या झाल्या. भिवरा ही वसाहतीतलीच एखादी असावी तसं तिच्याबद्दल बोलायला लागल्या. भिवराचं पोट दुखतंय म्हणजे तिला दिवस गेलेत, हे लेखकानं सांगायच्या आधी कमलबाईनं सांगितलं. सविताबेनला मराठी सगळं कळायचं नाही, पण ती उठायचीही नाही. एकदा लष्कर कुठलंसं गाव लुटतं असं आलं, तर तिनं कातर खाली ठेवली. "तमारा घोडावाळाओए अमारुं सुरत लूट्युं, ने हवे तमे अमारी साडीना दोरा कापो छो!" तुमच्या घोडेवाल्यांनी आमचं सुरत लुटलं आणि आता तुम्ही आमच्या साड्यांचे दोरे कापता, असं. सगळ्या हसल्या. सुमन पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "ते घोड्यावर आले होते, बेन. आम्ही जनरलच्या डब्यात एका पायावर आलो. लुटायला हात तरी मोकळे लागतात ना." हे ऐकून मी दादरावर उभा होतो तिथं हसलो. मी नेहमी दादरावरच उभा राहायचो, चौथ्या-पाचव्या पायरीला. खाली बायकांत पुरुषानं बसायचं नाही, आणि घरात बसलं तर ऐकू यायचं नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखकाचा पत्ता होता. वाचकांनी जरूर कळवावे, असं. आता असं लिहायची रीत असते म्हणे, कोणी कळवत नाही. आमच्या बायकांना वाटलं, माणसानं बोलावलंय तर उत्तर द्यायला पाहिजे. पोटला परत जायच्या दिवशी कार्ड लिहायचं ठरलं. प्रत्येकीनं एक वाक्य सांगायचं आणि सुमननं ते जसंच्या तसं लिहायचं, एका शब्दाची सुधारणा करायची नाही, हा कमलबाईचा कायदा. पहिलं कार्ड मला पाठ आहे. 'साहेब, भिवराच्या सासूला एवढं वाईट दाखवू नका, सासवा पण थकतात. साहेब, बैल किती कोसानंतर पाणी पितो ते विचारून लिहा. साहेब, पुढचा भाग कुठं मिळेल.' खाली सही, 'आपली वाचणारी आणि कातरवाल्या बायका, कोसाड.'

पंधरा दिवसांत उत्तर आलं. तसंच साधं कार्ड, मुंगीएवढं अक्षर. सासूबद्दल मान्य. बैलाबद्दल विचारतो. आणि मागोमाग दुसऱ्या भागाचं पार्सल, आपलं खर्चून. बायकांनी त्या माणसाला कार्डवाले साहेब असं नाव ठेवलं. कमलबाईनं पार्सलला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "अहो बाई, पुस्तक आहे, नवरी नाही." ती म्हणाली, "माहेराहून आलेल्या वस्तूला लावतात, भाऊ. तुम्ही वरच उभे ऱ्हा."

दुसऱ्या भागात माझाही हात लागला. भिवरा लाल कापड रंगवते असं होतं, आणि लेखकानं आधी रंगात बुडवून मग तुरटी लावली होती. मी पायरीवरून ओरडलो, "चूक! आधी तुरटी. तुरटी नसेल तर रंग धरायचा कशाला?" मिलमधला रंग वेगळा, पण माझ्या आज्याच्या गावात रंगारी होता, त्याच्या भट्टीपाशी लहानपण गेलं. सुमन मान वर करून बघायला लागली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि तिनं माझ्याकडं तसं त्याआधी बघितल्याचं मला आठवत नाही. त्या कार्डात माझं वाक्य गेलं. उत्तरात 'आपल्या रंगारी यजमानांना नमस्कार' असं आलं. मी ते कार्ड कोणी नसताना दोनदा काढून वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून दोनदा.

त्या बायकांनी कधी ते पुस्तक गोष्ट म्हणून ऐकलंच नाही. तिसरा आणि चौथा भागही निघाले तसे साहेबांनीच पाठवले. चौथ्याच्या सुरुवातीला भिवराचा नवरा मरतो. लढाईत नाही, तंबूचा खांब अंगावर पडून. सुमननं ते वाचलं त्या दिवशी साड्या पुऱ्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कमलबाई सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी घेऊन खाली उतरली. सुतकाच्या घरी शेजारी नेतात ना, तसं. कोणी हसलं नाही. भाकरी वाटली, खाल्ली, हात धुतले आणि मग पुढचं पान उघडलं. कार्डात लिहिलं, 'भिवराला आमचा धीर सांगा. तिला म्हणावं पोरांकडं बघ.' साहेबांचं उत्तर आलं, 'धीर पोचवला.' एवढंच. चांगला माणूस होता. मी त्याला वाईट म्हणत नाही. वाईट म्हणून झालंय माझं, तेच सांगायचंय.

कार्ड सगळ्यांचं असायचं. पण सुमन एकटीचीही पत्रं लिहायची, पोस्टातल्या निळ्या घडीच्या पत्रावर. दुसऱ्या भागानंतर साहेबांनी तिला विचारलं होतं, तुमच्याकडच्या म्हाताऱ्या प्रवासात काय काय करायच्या ते कळवा. मग ती तिच्या आजीचं लिहायची. विस्तव राखेत झाकून गाडग्यात कसा नेतात, नदी ओलांडताना लुगडं कुठं खोचतात, रडतं पोर गाडीत कसं निजवतात. जेवण झालं की ताटं तशीच ठेवून लिहायला बसायची. मी विचारायचो, "एवढं काय लिहितेस परक्या माणसाला?" "आजीचं." "आणि?" "आणि काही नाही."

आणि काही होतं. चौथ्या भागाच्या मध्यावर ते निघालं.

त्या दुपारी मी पायरीवरच होतो. भिवराची धाकटी पोर वाटेत हगवणीनं जाते. लष्कर थांबत नाही, तिला रस्त्याच्या कडेला पुरून पुढं निघावं लागतं. भिवरा पोरीचं पिवळं झबलं ठेवून घेते. धूत नाही. एका झाकणाच्या गाडग्यात घालते आणि कोणी बघत नसताना झाकण काढून वास घेते. असं कितीतरी महिने. मग एका दिवशी झाकण काढते तर नुसता मातीचा वास येतो. त्या दिवशी ती झबलं धुते आणि तंबूतल्या दुसऱ्या एका बाळंतिणीच्या पोराला घालते.

खाली बायका रडत होत्या. सविताबेन पदर तोंडाला लावून बसली होती. सुमन वाचत होती, सपाट आवाजात, धोब्याची यादी वाचावी तसं, एकदाही न अडकता. आणि मी पायरीवर कठडा धरून उभा. कारण आमची एक मुलगी होती. बेबी. सुरतेत आलो त्या पहिल्या वर्षी, उधन्याच्या एका खोलीत, हगवणीनं गेली. सव्वा वर्षाची होती. मी बारा तासांच्या पाळीवर होतो, घरी आलो तेव्हा शेजारच्यांनी तिला चादरीत गुंडाळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी परत पाळीवर गेलो. नंतर संजू झाला. बेबीचं नाव घरात निघालं नाही. मी काढलं नाही, म्हणून तिनं काढलं नाही, असं मी समजत होतो.

पिवळं झबलं मला आठवलं. मिलमधून आणलेल्या तुकड्याचं होतं, मीच आणलेल्या. बाकी मला काहीच माहीत नव्हतं. आता कळलं, आमच्या घरी गाडगं नाही, पावडरचा पत्र्याचा डबा होता तो. तो डबा आमच्या फळीवर कितीतरी दिवस होता, मी त्याच्या शेजारी बिडीचं बंडल ठेवायचो.

वर आल्यावर मी विचारलं, "हे तू त्याला लिहिलंस?"

"हो."

"आपल्या पोरीचं?"

"माझ्या हातून गेली ती. माझं मी लिहिलं."

"आणि त्यानं छापलं. बाजारात मांडलं. तू तेच खाली बसून दहा जणींना वाचून दाखवलंस, लाज नाही वाटली?"

ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. घरच्या बोलीत म्हणाली, "त्यानी इचारं, मी सांगं. तुम्ही कव्हय इचारं का?"

मी कधी विचारलं नव्हतं. खरं होतं ते. खऱ्या बोलण्याचा जेवढा राग येतो तेवढा खोट्याचा येत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर लेखकानं आभार मानले होते, मोठमोठ्या प्राध्यापकांचे, ग्रंथालयांचे, आणि शेवटी 'पत्रे लिहिणारे अनेक वाचक'. अनेक! माझी मेलेली मुलगी त्या 'अनेक'मध्ये बसवली होती. मी तिला हे दाखवलं. ती म्हणाली, "नाव कशाला पाहिजे? भिवरा माझ्या आजीसारखी बोलते, तेवढं बास आहे." मला बास नव्हतं.

मग मी पत्र लिहिलं. आयुष्यातलं माझं पहिलं पत्र. गावी लिहायचं असेल तर आधी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, मग फोन आले. दोन दुपारी लागल्या. ती खाली वाचत होती आणि मी वर तिच्याच पेन्सिलीनं लिहीत होतो. 'साहेब, तुम्ही माझी मेलेली पोर छापली. तुम्हाला घोडे कमी पडले का, लढाया कमी पडल्या का. माझी बायको भोळी आहे. तिला तुम्ही गोड बोलून तिच्या पोटातलं काढून घेतलं. याच्यापुढं या पत्त्यावर कार्ड टाकू नका. टाकलं तर मी तिथं येईन.' खाली माझं पूर्ण नाव घातलं. अमरोलीला जाऊन पेटीत टाकलं. परत येताना मला फार बरं वाटलं. हे सांगायला पाहिजे. भजी घेऊन आलो घरी.

कार्ड यायचं बंद झालं.

पहिला महिना कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या महिन्यात बायकांनी आणखी एक कार्ड टाकलं, 'साहेब, तब्येत कशी आहे.' मग आणखी एक. पोस्टमन आमच्या वसाहतीत अकराच्या सुमाराला येतो. त्या वेळेला सुमन काहीतरी कारण काढून खाली जायची. कचरा टाकायला, मीठ आणायला. पोस्टमन सायकलवरूनच हात हलवायचा, नाही म्हणून. ती वर यायची आणि मीठ ठेवायची. घरात मिठाच्या पाच पिशव्या झाल्या होत्या.

खाली बायका तर्क करायच्या. साहेब आजारी असतील. परदेशी मुलाकडं गेले असतील. कमलबाई म्हणाली, "सून कार्ड देत नसेल." सुमन मान खाली घालून पान उलटायची. एकदाच मला म्हणाली, "मी फार लिहिलं वाटतं. माणूस कंटाळला. आपल्याला कुठं थांबावं ते कळत नाही." मी जेवत होतो. घास गिळला आणि म्हणालो, "मोठ्या लोकांचं असंच असतं."

सांगता आलं असतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर भांडली असती, दोन दिवस बोलली नसती, मग स्वतः दुसरं पत्र टाकून मिटवलं असतं. तिसऱ्या महिन्यात सांगितलं असतं तर, एवढे दिवस मला वाट बघायला का लावली, हे ऐकावं लागलं असतं. सहाव्या महिन्यात तर तोंडच उघडण्यासारखं राहिलं नव्हतं. दर महिन्याला ते जास्त जड होत गेलं, आणि मी दर महिन्याला जास्त भित्रा. लोक म्हणतात म्हातारपणी माणूस मऊ होतो. मी नाही झालो. मी नुसता गप्प झालो आणि सगळ्यांना वाटलं, मऊ झाला.

तिनं निळी पत्रं लिहिणं सोडलं. वाचणं नाही सोडलं. भागामागून भाग परत वाचायच्या त्या, पहिल्यापासून. पण भांडणं बंद झाली. ओळीवर बोट आपटायची नाही. एकदा मीच मुद्दाम म्हटलं, "हे बघ, इथं चुकीचं लिहिलंय त्यानं, ऊस त्या महिन्यात तुटत नाही." तिनं पान बघितलं. म्हणाली, "असेल. कोणाला कळवायचंय?"

दोन वर्षं गेली अशी. मग तिच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला बाहेर बोलावून सांगितलं, उशीर झालाय. संजू यायचा, सून यायची, बायका पाळी लावून यायच्या. कमलबाईनं तिच्या उशाला चौथा भाग आणून ठेवला होता. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सुमन शुद्धीत होती. मी तिला चमच्यानं पाणी देत होतो. मला म्हणाली, "पाचवा निघाला का हो?"

"नाही अजून."

"निघाला तर बायकांना वाचायला लावा. लताला येतं वाचता, घाबरते नुसती."

"बरं."

"आणि साहेबांना काही लिहू नका कोणी. त्यांना त्रास व्हायला नको."

चमचा माझ्या हातात होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सांगायची वेळ असते म्हणतात ती हीच होती. मी चमचा भांड्यात ठेवला आणि म्हणालो, "जास्त बोलू नको, दमशील." हे माझं तिच्याशी शेवटचं धड वाक्य. पुढचे दिवस ती गुंगीतच होती.

पाचवा भाग निघाला तो ती गेल्यावर सात महिन्यांनी. कमलबाईच्या नातीनं मोबाईलवरून मागवला. लता वाचायला बसली. आवाज कापत होता तिचा, पण वाचत होती. मी आता पायरीवर उभा राहायचो नाही, खाली येऊन भिंतीला टेकून बसायचो. विधुराला बायका बसू देतात. आठवडाभर वाचलं असेल. एका दुपारी कमलबाईनं साडी मांडीवरून बाजूला केली.

"लता, थांब. ही कोण बोलतेय?"

"भिवरा."

"ही भिवरा नाही. भिवरा असं बोलते का? 'माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे.' कोणाचं काय झालं म्हणे?"

"छापलंय तसं वाचते मी, मावशी."

"नीट वाच."

"नीटच वाचते!" लताच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी एक म्हणाली, विस्तव पण आता हवालदारच देतो, ही गाडग्यात ठेवत नाही. सविताबेन म्हणाली, "आ तो बीजी बाई छे." ही दुसरीच बाई आहे. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना कळेना, भिवराला काय झालं. मला कळलं. तिसऱ्या भागापासून भिवराच्या तोंडात जे होतं ते सुमनच्या निळ्या पत्रांतून जात होतं. पत्रं थांबली, ती मुकी झाली. चौथ्यात ती बोलत होती तेव्हा मला त्यात चोरी दिसली होती. पाचव्यात ती गप्प झाली तेव्हा मला माझी बायको दिसली.

मी तिथंच सांगितलं. सगळं. पत्र, पेन्सिल, भजी. बेबीचंही सांगितलं, तोवर बायकांना माहीत नव्हतं की ते झबलं कोणाचं.

कमलबाई म्हणाली, "पोर तुमची, राग तुमचा. कबूल. पण भाऊ, कार्ड आमचं पण होतं. दहा बायकांचं एकेक वाक्य जायचं त्यात. मला जन्मात कोणी विचारलं नाही, कमल, तुझं काय म्हणणं आहे. तो माणूस विचारायचा. ते तुम्ही कोणाला विचारून बंद केलं?"

बायकांनी साड्या गोळा केल्या आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या दादराखाली जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी पोटलाही तिकडंच उतरला. टेम्पोवाल्याला वाटलं मीच भांडलो असेन. बरोबरच वाटलं त्याला.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. 'साहेब, वाचणारी गेली. तिनं तुम्हाला शेवटपर्यंत बोल लावला नाही. तुम्ही का थांबलात हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तिला वाटलं तिचं लिहिणं जास्त झालं. पाचव्या भागात भिवरा बोलत नाही असं बायकांचं म्हणणं आहे. चूक माझी.' क्षमा वगैरे लिहिली नाही. ती मागायची जागा तो नव्हता.

पावणेदोन महिन्यांनी कार्ड आलं. अक्षर तेच, पण ओळी उतारावर घसरल्यासारख्या. मी ते घेऊन पलीकडच्या दादराखाली गेलो. बायकांनी मान वर केली, बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच म्हणालो, "साहेबांचं आलंय. वाचू का?" लतानं हात पुढं केला. कमलबाई म्हणाली, "नाही. त्यांनाच वाचू दे."

मी वाचलं. अक्षर लावून लावून. जोडाक्षराला अडलो तर कोणी मदत केली नाही. 'आपले पहिले पत्र आले तेव्हा त्यातला आरोप खरा आहे असे वाटले. मला फार लाज वाटली. बाईंना काय तोंडाने लिहू हे सुचेना. त्यांनीच रागाने आपल्याकडून ते लिहून घेतले असेल असेही वाटले. त्यांची कार्डे येत होती, ती मी न उघडल्यासारखी बाजूला ठेवीत होतो. कार्ड न उघडता ठेवता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पाचवा भाग मी कसाबसा पुरा केला. कातरवाल्या बायका म्हणतात ते बरोबर आहे. आता डोळे गेले, पुढे लिहिणे नाही.'

कातरी थांबल्या होत्या. सविताबेननं विचारलं, काय लिहिलंय, तर लतानं तिला हळू आवाजात दोन वाक्यांत सांगितलं.

कमलबाई माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे तो लाजून गप्प बसला."

"हो."

"आणि तुम्ही भिऊन."

"हो."

"आणि तिचं काय?"

मी कार्ड उलटं करून बघितलं. मागं नुसता पत्ता होता. माझ्या नावाचा.